संवादाला पाचपैकी एक

३ मार्च
चाळीस मुलं, पाच गट आणि मी एकटी! शेवटच्या वर्षाच्या मुलांची ‘कौशल्यं’ मोजायची — संवाद, संघभावना, पुढाकार. प्रत्येकाला पाचपैकी गुण. एकातही तीनच्या खाली गेलं की कंपनीच्या मुलाखतीचं बोलावणं नाही. शेवटच्या गटचर्चेत एक मुलगा नुसता भोंग्यासारखा वाजत होता — त्याला संवादाचे पाच. कोपऱ्यातली मुलगी तोंडाला कुलूप लावून बसलेली. एक दिला. दुसरं काय देणार?

४ मार्च
गुणांची यादी सूचना-फलकावर लागली. सुटले!

५ मार्च
कुठली सुटतेय! ती कोपऱ्यातली मुलगी आज स्टाफरूमच्या दारात. नजर हटली नाही.
“मॅडम, मी बोलले होते. दोनदा. तुम्ही तेव्हा फोन बघत होतात.”
बघतच होते. ताईचा मेसेज होता — आईचे रिपोर्ट आले म्हणून. किती वेळ बुडाले होते त्यात, आठवत नाही. मान वर केली तेव्हा भोंगा चालूच होता, म्हणून तोच सगळा वेळ बोलला असं धरून चालले.
“बघते,” म्हणाले. मॅडमपणा सुटेना.

६ मार्च
ताईला फोनवर सांगितलं. “अगं, चुकलीस तर कबूल कर. पोरीच्या पोटावर कशाला पाय?” ताईला सगळंच सोपं!
दोनदा विभागप्रमुखांच्या दारापर्यंत जाऊन परतले. पंधरा वर्षांत माझ्या गुणांवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

७ मार्च
गेले एकदाची. सर चष्मा पुसत राहिले. “आधी चर्चेचं रेकॉर्डिंग बघू की.” पण ते उतरवून देणारा तंत्रज्ञ रजेवर, आणि कंपनीला नावं आजच हवीत. शेवटी लेखी दिलं — परीक्षकाचं लक्ष नव्हतं, चूक माझी. एकाचे चार झाले. मुलीला सांगितलं तर रडायलाच लागली. मलाही हलकं वाटलं — कितीतरी दिवसांनी!

१० मार्च
तंत्रज्ञ आला, रेकॉर्डिंग देऊन गेला. बघितलं. मी फोनमध्ये — चांगली सहा मिनिटं. तेवढं तिचं खरं.
पण त्या सहा मिनिटांत, आणि त्याच्या आधी-नंतरही, तिने तोंड उघडलेलंच नाही.
आणि माझ्यासमोर मात्र किती नेमकं बोलली!
उद्या तिची मुलाखत. अजून कुणाला सांगितलेलं नाही.