सात की एकोणीस

५ ऑक्टोबर १९८६, रविवार

काय कबूल करून बसले मी!

शेजारचा अर्ल सकाळी मागच्या दाराने आला. हातात रायफलच्या गोळ्यांचा डबा आणि त्याचा जुना व्हर्नियर कॅलिपर. दारू नाही, काडतूस नाही, नुसत्या तांबं मढवलेल्या गोळ्या. म्हणाला, "शरयू, तू आयुष्यभर मोजमापं केलीस. एकाच डब्यातल्या गोळ्या, दोन सारख्या लांबीच्या नाहीत. असं का?"

मी तिथंच, किचन टेबलावर, त्याच्या व्हर्नियरने दोन मोजून, आकडे मोठ्याने वाचून दाखवल्या. खरंच वेगळ्या. म्हटलं, ठेवून जा, बघते.

एकनाथ पेपरातून वर न बघता म्हणाले, "घरात अंडं आलं तर तुला वास येतो. आणि ही चालते?"

मी डबा उचलून कामाच्या पिशवीत ठेवला. 

८ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या इन्स्पेक्शन रूममध्ये वीस गोळ्या मोजल्या. आमच्या नव्या मशीनवर आकडे हिरवे, मोठे — चुकायचा प्रश्न नाही. लांबीत बारा थाउचा फरक. (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माझी सगळी नोकरी त्यातच गेली.)

मग कळलं. टोक मऊ शिशाचं आहे. डब्यात आपटून चेपतं. टोकापासून मोजणंच चूक. गोळीचा खांदा — जिथे ती बंदुकीच्या नळीला पहिल्यांदा टेकते — तिथून मोजायला हवं. एका नटचं भोक हव्या मापाचं करून घेतलं, गोळीवर टोपीसारखं बसवलं, आणि पुन्हा मोजलं. फरक दोन थाउ!

फार दिवसांनी इतकं बरं वाटलं. गोळीमुळे, हे विचित्रच.

१९ ऑक्टोबर, रविवार

अर्लच्या बेसमेंटमध्ये तीन तास. बायको हेलन गेल्यापासून तो तिथेच असतो. तिचं शिवणाचं मशीन एका कोपऱ्यात, त्याचा काडतुसं भरायचा प्रेस दुसऱ्या.

पितळी केसमध्ये दारू, वर गोळी. दांडा खाली ओढला की गोळी आत दाबली जाते. किती आत, हा सगळा खेळ. फार आत गेली तर दाब वाढतो, फार बाहेर राहिली तर ती नळीतल्या आट्यांना आधीच टेकते — तरीही दाब वाढतो. अर्ल गोळी आणि आट्यांमध्ये तीस थाउ अंतर ठेवतो. पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो. चाळीस वर्षांत एकदाही चुकवलेला नाही म्हणाला.

पहिलं काडतूस तयार झालं. त्याने व्हर्नियर वाचला — सात. मी वाचला — एकोणीस.

व्हर्नियरमध्ये खालची कुठली रेघ वरच्या रेघेशी जुळते ते बघायचं असतं. मी तीनदा बघितलं. एकोणीस. तो म्हणाला, "माझं सात येतंय."

त्याचं वय एकाहत्तर. मी पुढची पितळी केस त्याच्याकडे सरकवली.

२६ ऑक्टोबर

पुन्हा तेच. आज त्याचं अकरा, माझं बावीस. दुसऱ्याला त्याचं चौदा, माझं पाच. फरकसुद्धा एकसारखा नाही. कॅलिपर बिघडलाय? मग आम्हा दोघांनाही सारखाच चुकीचा आकडा दिसायला हवा. डोकं चालेनासं झालं.

२ नोव्हेंबर, रविवार

सांगून टाकलं. "अर्ल, तुम्हाला रेघा दिसत नाहीत. आज बारा थाउ, उद्या तीस होतील. बंदूक तोंडाजवळ धरायची असते."

वाद घालेल वाटलं होतं. त्याने काडतूस टेबलावर उभं केलं, माझ्याकडे बघत राहिला.

"असेल," एवढंच म्हणाला.

५ नोव्हेंबर

गराजमधून ठक ठक. अर्ल एकेक काडतूस हातोडीसारख्या अवजारात घालून आपटतोय — गोळी सुटते, दारू बाहेर. चाळीसच्या चाळीस मोकळी केली. कुंपणापाशी मी विचारलं तर म्हणाला, "नॉट धिस इयर."

एकनाथ म्हणाले, "तुझंच बरोबर होतं ना? मग तोंड असं का?"

हो. माझंच बरोबर होतं. मग का?

९ नोव्हेंबर

अर्लची लेक जोन लान्सिंगहून आली होती. कुंपणावरून म्हणाली, "डॅड सीझनला जात नाहीत, तुम्हाला काही बोलले?" मी नाही म्हटलं. खोटं का बोलले, समजत नाही.

१२ नोव्हेंबर

कंपनीत दर वर्षीची डोळ्यांची तपासणी. दोन्ही डोळ्यांनी तक्ता वाचला, छान. मग नर्सने डावा झाकायला सांगितला आणि चौकटींचा कागद पुढे धरला.

"रेघा सरळ आहेत?"

मी म्हटलं, "कागद ओला झालाय का? मध्ये वाकल्यात."

 तिने डावा उघडून उजवा झाकला. रेघा सरळ.

कॅलिपर मी उजव्या डोळ्याशी धरते. तीस वर्षं.

१३ नोव्हेंबर

डॉक्टर तरुण, सावकाश बोलणारा. पडद्याच्या मध्यभागी रक्त झिरपलंय. "महिनाभर आधी आला असतात तर लेझरने पुष्कळ वाचवता आलं असतं. आता या डोळ्याचं सांगता येत नाही." एकनाथांनी माझा हात धरून ठेवला, पार्किंगपर्यंत. सुपरवायझरने तूर्त ऑफिसात बसायला सांगितलंय. रिटायरमेंटला आठ महिने.

अर्लला उद्या सांगायला हवं. कुठल्या तोंडाने?

१४ नोव्हेंबर

गेले नाही. दिवसभर पेपरातल्या मासळीच्या जाहिरातीसुद्धा एक डोळा झाकून वाचत बसले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अर्लकडे गेले. म्हटलं, डोळा माझा खराब आहे, तुमचे नाहीत. माफ करा.

तो म्हणाला, "माहीत आहे मला. तुझ्या किचनमध्ये, पहिल्याच दिवशी कळलं. हेलनच्या डोळ्याचं असंच सुरू झालं होतं. बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती."