चिंबोरपाड्याची माणसं

चिंबोरपाडा, १९ फेब्रुवारी १९८१

ती. गोजराबाय हिस धाकट्या धर्मराजचा नमस्कार. वि. वि.

आपली घरं चाळीस पावलांवर, तरी हे पत्र बेलापूरच्या टपालातून फिरून येईल. वाळीत टाकलेल्या घराशी तोंडाने बोललं तर दंड आहे आणि पंच मीच आहे. कागदाला बंदी नाही.

जनगणनेचे नंदकुमार मास्तर येऊन गेले. हद्द मीच दाखवली. दक्षिणेला खाडी, पूर्वेला मिठागर, उत्तरेला नव्या बिल्डिंगा. पश्चिमेला शेवटचं घर गोटीरामचं, पुढे नुसती खारफुटी, असं सांगितलं. म्हणून तुझ्या दारावर नंबर पडला नाही. माणसं भरली १९३. आता कळतंय, दोनशे असतील त्याच वस्तीला नळ. बायका करावे गावच्या विहिरीवरून हंडे वाहतात. तुमची पाच धरली तर १९८. दोघांची सोय मी लावीन. मास्तर १ ते ५ मार्चला पुन्हा येतील, तेव्हा दार उघडं ठेव. बहिष्कार उठला असं समजू नकोस.

लोभ कामापुरता असावा.
धर्मराज

२३ फेब्रुवारी

चि. धर्मराज यास गोजराचे आशीर्वाद. मोठी आहे म्हणून द्यावे लागतात.

मला लिहिता येत नाही, आणि हे अक्षर तू ओळखलं असशील. नव्या वसाहतीतल्या परजातीच्या नंदकिशोरशी लग्न केलं म्हणून ज्या लेकीचं तू जिवंतपणी दहावं घातलंस, ती जयमाला समोर बसून लिहिते आहे. कन्यादान मी केलं, म्हणून माझं घर वाळीत. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तुझं दार बंद, म्हणून दोन महिने ती माझ्याकडे आहे. गेल्या सोमवारी मुलगी झाली. मालतीबाई सुईण दंडाच्या भीतीने आली नाही. मी आणि माझ्या सासूबाईंनी तिला सोडवलं.

तेव्हा आम्ही पाच नाही, सात. तुझी खटपट नको. माणसं कमी पडली की खारफुटीत घर दिसायला लागतं, नाही का रे?

राग आहे, तो असू दे.
गोजरा

२६ फेब्रुवारी

ती. गोजराबाय,

पुन्हा या अक्षरातलं पाकीट आलं तर न फोडता परत करीन. माझ्या घरात जयमाला नावाचं माणूस नाही. मी डोकं भादरलेलं अख्ख्या पाड्याने पाहिलंय.

तुम्ही पाच नावं सांगा. आत कोण बसलंय ते मास्तरांना कळायची गरज नाही. गंगाराम मुंबईला गोदीत असतो, त्याच्या दोन पोरांची नावं इथे घालतो. पुतळा हंडा घेऊन बांधावरून घसरली, तिचा हात गळ्यात आहे. भावजयीची कीव असेल तर आडवी येऊ नकोस.

धर्मराज

२८ फेब्रुवारी

चि. धर्मराज यास,

आईचा हात मोडल्याचं वाचून जयमाला इतकी रडली की पुढे लिहायला अर्धा तास गेला. पण ऐक. जित्या लेकीच्या जागी मुंबईची पोरं घालशील तर मीच मास्तरांना सांगेन. तू स्वतः सगळ्यांसमोर, ही माझी लेक आणि ही नात, असं सांगितल्याशिवाय माझं दार उघडणार नाही. नळ गेला तर गेला. विहिरीवर आम्हाला कुठे उभं करता? आम्ही मिठागरापलीकडच्या डबक्याचं पाणी पितो.

काल बारसं केलं. पाळण्याला हात लावायला पाड्यातली एक बाई आली नाही. तुझी बहीण म्हणवून घ्यायची मला लाज वाटते.

पुतळाला मात्र माझी माया कळव.
गोजरा

४ मार्च

चि. जयमाला हिस,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, पुढे बघू. गोजराबायला हे वाचून दाखव.

दुपारी मास्तर आले. समाजमंदिरात सगळे जमले होते. हद्द चुकली, गोटीरामच्या पुढे एक घर आहे, असं मी सांगितलं. गंगारामची पोरं घातली नाहीत. तुमची सात सांगितली. तुझं वय वीस सांगितलं. मास्तरांनी विचारलं तेव्हा लेक माझी असंही सांगितलं. मालतीबाई पुटपुटत उठून गेली. बाकी कोणी उठलं नाही. तुझी आई माझ्याकडे बघत होती.

मग त्यांनी बाळाचं नाव विचारलं. मला सांगता आलं नाही. मास्तर म्हणाले, आजोबा ना तुम्ही? तो रकाना कोरा राहिला आहे. उद्या सकाळी ते घर बघायला येतील.

हे पत्र टपालात टाकत नाही, पुतळा दाराखालून सरकवेल. उत्तर लिहू नकोस. येऊन तोंडाने सांग.

धर्मराज