बिनचष्म्याचा गोली

नाना, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होतील. रविवारी देवपूरच्या आपल्या शाळेत, जिथं तुम्ही आम्हाला फुटबॉल शिकवलात, तुमचा फोटो लावणार आहेत आणि भाषण मला करायचंय. कालपासून चार कागद फाडून झाले. हसाल तुम्ही, पन्नाशीचा बाप्या आणि दहा मिनिटं बोलायला घाबरतो! पण मला भीती भाषणाची नाही. काकू पहिल्या रांगेत बसतील, आणि त्यांना तीच गोष्ट ऐकायची असेल, जी तुम्ही मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिलात.

ती गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरात सुरू होते. काकू कळण्याच्या भाकरी थापतायत, मिरचीच्या ठसक्यानं आपण तिघंही खोकतोय, आणि तुम्ही पिठाच्या डब्यावर एक पुठ्ठा टेकवून उभे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर असतो तो अक्षरांचा तक्ता तुम्ही ओळखीच्या कंपाउंडरकडून उतरवून आणलाय. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी महाराष्ट्राच्या फुटबॉल संघात निवडलेला आपल्याकडचा मी एकटाच, तोही गोलकीपर, आणि मधल्या रेषेपलीकडचा चेंडू मला धुरकट दिसतो, हे फक्त आपल्या तिघांना ठाऊक. शिबिरात डोळे तपासणार होते. नापास झालो की सरळ घरी. म्हणून मी सातही ओळी पाढ्यासारख्या घोकतोय. काकू वैतागून म्हणतात, "त्यापेक्षा पोऱ्याले चष्मा लई द्या ना!" आणि तुम्ही खेकसता, "चष्मावाला गोली कोठे दिसस का?" मग माझ्याकडे वळून म्हणता, "घाबरू नको. मी शे ना."

घाबरू नको म्हणे! तपासणीच्या दिवशी माझी इतकी तंतरली होती की डॉक्टरांनी तक्त्यावर पट्टी टेकवायच्या आधीच मी अख्खी ओळ म्हणून टाकली. "अरे, मला दाखवू तर दे," ते म्हणाले. मला वाटलं, संपलं सगळं. पण ते हसले आणि शिक्का मारून मोकळे झाले. मला मात्र चैन पडेना. शिबिरात कुणी लांबून हात केला की मी कुणालाही ओळखल्यासारखा हात करायचो. जेवायला बसलो तरी कुणीतरी आता विचारेल, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले, असं वाटायचं. पहिले दोन सामने मी बाहेर बसून काढले आणि देवाला एकच मागत होतो, आपल्या मुख्य गोलीला काही होऊ देऊ नकोस. त्याचंच बोट मोडलं. तिसरा सामना बंगालशी, बरोबरी झाली तरी आपण उपांत्य फेरीत. मी हातमोजे उलटसुलट घातले, ते नीट करून पट्टा दुसऱ्यानं लावून दिला.

खेळलो मात्र बरा, नाना. तुम्ही शिकवलं तसा, लांबचा चेंडू दिसला नाही तर मारणाऱ्याचा खांदा बघून. अगदी शेवटी, पाच मिनिटं राहिली असताना, गोल झाला. आपण हरलो, स्पर्धेतून बाहेर.

धुळ्याच्या स्टँडवर तुम्ही छत्री घेऊन उभे होतात, उन्हाची. मी एसटीतून उतरलो तर तुम्ही माझी पिशवी आधी घेतली आणि म्हणालात, "चूक मनी शे. तुले दिसस नही, हाई माले माहीत व्हतं." मी खाली बघत राहिलो. तुम्हाला वाटलं, पोरगं रडतंय. पुढच्या वर्षी तुम्ही मैदानावर यायचंच सोडलंत. मुलं बोलवायला आली की म्हणायचात, मी एका पोराचं वाटोळं केलं, आता नको. शाळेतल्या नव्या शिक्षकांना, शेजाऱ्यांना, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला, सगळ्यांना तेच. मी भेटायला आलो की तुमचं पहिलं वाक्य, "चष्म्याचा नंबर वाढला का रे?" दर वेळी वाटायचं, आज सांगू. आणि दर वेळी काकूंचा चहा यायचा, आणि मी तो पिऊन निघायचो. इतका नालायक निघालो मी.

हे पत्र मी कुठं टाकणार? काकूंच्या पत्त्यावर टाकायची हिंमत नाही. रविवारी काय बोलेन, तेही अजून ठरत नाही. एवढं मात्र आज लिहितो. तो चेंडू लांबचा नव्हता. चार हातांवर मोकळा पडला होता आणि त्यांचा तगडा फॉरवर्ड बूट उगारून त्याच्यावर येत होता. मी त्याच्या पायांत झेप घ्यायची, एवढंच काम होतं. चेंडूची शिवण दिसत होती मला, नाना. बूट तोंडावर बसेल म्हणून मी मान फिरवली.