राऊटरवरची हजेरी

निपाणी, रविवार

प्रिय पारू,

फोनवर तू मला मध्येच थांबवतेस आणि मूळ सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसलोय.

दिवाळीत तू घरात नवा राऊटर बसवलास आणि नेट गेलं तर काय करायचं ते माझ्या शाळेतल्या जुन्या टाचणवहीत मराठीतून लिहून ठेवलंस. नेट काही गेलं नाही. मीच आपला कुतूहलानं एकदा लॅपटॉपवर राऊटरच्या आत बघायचं ते काळं पान उघडलं, पासवर्ड घातला आणि वहीत होतं तसं 'पीएस' लिहून बटण दाबलं. अगं, केवढी यादी! डब्याएवढ्या यंत्रात एका वेळी चाळीसेक कामं चाललेली. प्रत्येकाला हजेरीपटासारखा क्रमांक, आणि बहुतेकांपुढं झोपल्याची खूण. तू लिहिलंयस, झोपलेलं म्हणजे बंद पडलेलं नव्हे, हाक आली की उठतं. एवढं एक वाक्य मी दिवसभर घोळवत बसलो. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या आधी त्यांची हजेरी घ्यायला लागलो.

गेल्या सोमवारी त्या परक्या नावांत एक आपलं नाव दिसलं. इंग्रजी अक्षरांत, पण 'हजेरी'च. वहीत त्याचा पत्ता नाही. कुणी घुसखोर असेल म्हणून वहीतलं 'किल' लिहून पुढं त्याचा क्रमांक घातला. यादी परत बघतो तर हे नवा क्रमांक घेऊन हजर. तिसरीतल्या रवळूला मी दाराबाहेर काढायचो आणि तो खिडकीतून येऊन मागं बसायचा, अगदी तसं. तीनदा काढलं, तीनदा आलं. तुझी आई म्हणाली, "सकाळधरनं कुणाला मारताय? आंघोळ तरी करा." शेवटी वहीच्या मागच्या पानावर सापडलं. क्रमांकानं मारलं तर त्याचा राखणदार पुन्हा उठवतो. नाव घेऊन 'स्टॉप' म्हणायचं.

पण थांबवायच्या आधी आत काय लिहिलंय ते वाचावं म्हटलं. माझ्या फोनचं नाव. संध्याकाळचे सात. तुझा नंबर. सातपर्यंत माझा फोन घरच्या वायफायवर आला नाही तर तुला निरोप.

म्हणजे मला उशीर झाला की नेमका तुझा फोन यायचा, "सहज केला, आप्पा," तो असा! मी गल्लीभर सांगत फिरायचो, लेकीला बेंगळुरात बसून कळतं म्हणून. लई राग आला. अडतीस वर्षं मी दुसऱ्यांची हजेरी घेतली, आता माझी कोण घेणार? 'स्टॉप' लिहून मोकळा झालो.

मंगळवारी वाचनालयातून सहाला निघालो. कोपऱ्यावर आलो आणि कुठल्या गल्लीत वळायचं तेच आठवेना. तीस वर्षांची वाट. मन जागेवर यावं म्हणून चौथीची कविता म्हणायला घेतली. दोन कडवी आली, तिसरं येईना. किती फिरलो कोण जाणे. माझ्या हाताखाली शिकलेला भरमू दुकानाचं शटर ओढत होता. म्हणाला, "मास्तर, हिकडं कुठं? घर तिकडं न्हाय व्हय?" मग हात धरून घरी घेऊन आला. तुझी आई दारात उभी होती. तुला कळवायचं नाही अशी मी तिला शपथ घातली. आणि तुझा फोन आला नाही. येणार कसा?

हे पत्र त्यासाठी. पारू, हे तिसऱ्यांदा झालं. तू "सहज केला" म्हणालीस त्यातल्या दोन वेळा मी वाचनालयात नव्हतो. वाटच शोधत होतो आणि तुला गप्पा रंगल्यात म्हणून सांगितलं. तुला दिवाळीतच उमगलं असणार, म्हणून तर ते काम लावून गेलीस. आज सकाळी मी माझ्या हातानं 'स्टार्ट' लिहिलं. यादीत बघितलं. पुढं झोपल्याची खूण आहे, म्हणजे सातची वाट बघतंय. तू म्हणत होतीस त्या बेळगावच्या डॉक्टरांकडं आता जाऊ. येताना चौथीचं जुनं पुस्तक कुठं मिळालं तर बघ. तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ कुणी सांगितली, तर पुढचं उठेल असं मला वाटतं.

वाट बघणारा तुझाच,
आप्पा