धावड्याच्या डोंगरावर आपण दोघी

बाई,

सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. एकदा गॅस बंद केला का ते बघायला उठले, एकदा उगाच गॅलरीत जाऊन उभी राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि या वयात तुमच्याशी भांडायचंय की तुमचे आभार मानायचेत, हेच ठरत नाही. काल धावड्याच्या डोंगरावर गेले होते. गुडघ्यांनी अर्ध्या उतारावरूनच परत फिरवलं. तेव्हापासून घरात मन लागत नाही. चहा होतो, निवतो, तसाच राहतो.

तुम्ही जालन्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आलात तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. तुम्ही सावंतवाडीकडच्या. पहिल्याच तासाला खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "इथं झाडं कुठं आहेत?" सगळा वर्ग हसला. मला राग आला. मी वाटूरची, हिवर आणि बोरीच्या सावलीत वाढलेली. तास संपल्यावर तुमच्यामागं व्हरांड्यात आले आणि म्हणाले, "बाई, झाडं हायेत. तुम्ही बघून नाही राह्यल्या." तुम्ही थांबलात. रागावलात असं वाटलं, पण पुढच्याच रविवारी तुम्ही एसटीच्या थांब्यावर उभ्या होतात, खांद्याला कापडी पिशवी, आणि मला म्हणालात, "दाखव."

त्या दिवशी डोंगरावर मी फुशारक्या मारत होते. साग, सालई, खैर, मोई, पळस. मराठी नाव, लगेच लॅटिन नाव, लगेच कुळ. तुम्ही ऐकत चालला होतात. मग एका सालईपाशी थांबलात. उन्हाळ्याची सुरुवात होती, झाडावर एक पान नव्हतं, कागदासारखी साल सुटून वाऱ्यावर फडफडत होती. तुम्ही म्हणालात, "पुरे. नावं पाठ असली म्हणजे झाड कळलं असं नाही. हे इथं जगतं कसं, ते सांग." मी वरच्या उघड्या फांद्यांकडं बघू लागले. तुम्ही सालीचा सुटलेला पापुद्रा बाजूला केला, तर आत हिरवं! पानं टाकून दिलेलं ते झाड सालीखाली हिरवं होतं. तुम्ही लहान पोरीसारख्या हसलात. माझे कान अजून तापलेले होते, पण मीही हसले. आजही कुणी मला झाडाचं नाव विचारलं की ते सांगून झाल्यावर माझी जीभ थांबत नाही, पुढचं सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. ही सवय तिथली.

तिथून आपलं काम सुरू झालं. डोंगराच्या पायथ्याचा ओढा, त्यावरचा उतार आणि वरचा उघडा माळ, अशा तीन जागा तुम्ही ठरवल्या. तिन्हीकडची पानं आणायची, आलेखाच्या कागदावर ठेवून त्यांची कड काढायची, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तराजू मागून वजन करायचं, वाळवून पुन्हा वजन करायचं. कुठलं पान पातळ, झटपट येणारं आणि झटपट गळणारं, कुठलं जाड आणि जपून वापरलेलं. तुम्ही त्यांना उधळी पानं आणि काटकसरी पानं म्हणायचात. कोकणातली पानं सांगायचात, पाणी निथळून जावं म्हणून टोकाला लांब शेपटी असलेली. मी ती कधी पाहिली नव्हती. मला ती सगळी गोष्ट परीकथेतली वाटायची.

वडिलांना विचारायला मी परतूरला गेले. ते तिथल्या जिनिंगमध्ये कामाला होते, अंगावर नेहमी कापसाचे तंतू. दर रविवारी डोंगर चढायचा, तेही एका बाईसोबत, हे ऐकून आई वडिलांकडं बघू लागली. वडील म्हणाले, "बिलकुल जा. शिकायलाच पाठवलं तुला. पण एक ध्यानात ठेव. नाव लपवून कुठं पाणी पिऊ नको, जेवू नको. त्याच्यासाठी दीक्षा न्हाई घेतली आपण." मी म्हणाले, बरं. इतकं सोपं वाटलं होतं ते.

आपल्या कॉलेजच्या कारकुनाची बहीण धावड्यात, डोंगराखालच्या गावात, दिलेली होती. तिच्या ओसरीवर पानांच्या पिशव्या ठेवायची सोय त्यानं केली. कामाच्या पहिल्याच रविवारी उतारावरून खाली आलो तेव्हा दुपार झाली होती, घसा कोरडा पडला होता. त्या काकूंनी भाकरी टाकल्या होत्या, पिठल्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. पाण्याचा तांब्या घेऊन त्या बाहेर आल्या, माझ्याकडं बघितलं आणि तुम्हाला विचारलं, "ही पोरगी कोणाची म्हणायची?" तुम्ही क्षणाचाही विचार केला नाहीत. म्हणालात, "माझी भाची आहे." काकू हसल्या, तांब्या माझ्या हातात देऊ लागल्या. मी हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. मला वडिलांचा चेहरा दिसत होता. मी म्हणाले, "मी बाईंची भाची न्हाई, काकू. विद्यार्थिनी आहे. आम्ही वाटूरचे. बौद्ध."

काकूंचा हात थांबला. आतून त्यांच्या सासूचा आवाज आला, "कोण हाये गं?" काकू वळल्या. तांब्या घेऊन आत गेल्या आणि परत आल्या त्या आपल्या पिशव्या घेऊन. वाईट शब्द एक नाही. पिशव्या त्यांनी पायरीखाली अंगणात नीट एकावर एक ठेवल्या. तुम्ही उठलात, मीही उठले. एसटी येईपर्यंत आपण रस्त्याच्या कडेला उभ्या होतो, आणि पिशव्यांतली पानं उन्हात सुकत होती. तुम्ही एवढंच म्हणालात, "काम पुरं व्हायला हवं होतं मला. आणि तुला उपाशी ठेवायचं नव्हतं." मी म्हणाले, "मंग उपाशी ठेवायचं होतं, बाई." जालन्यापर्यंत दोघी खिडकीबाहेर बघत आलो.

पुढच्या रविवारी तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही आलात. पायात माझ्या चपला असायच्या आणि दर वेळी बोरीचे काटे भरायचे, म्हणून तुम्ही तुमच्या भावाचे जुने कॅनव्हासचे बूट आणले होते. मला मोठे होत होते. स्टँडवरच्या बाकड्यावर बसून तुम्ही त्यांच्या पुढच्या टोकात कापूस कोंबलात आणि म्हणालात, "घाल." धावड्यात उतरल्यावर ओढ्याकडं न वळता तुम्ही सरळ त्या घरी गेलात. मी अंगणाबाहेर थांबले. काकू दारात आल्या. तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी खोटं मी बोलले. या मुलीनं नाही." काकू गडबडल्या. म्हणाल्या, "तुम्ही या की बाई, तुम्हाला कोण न्हाई म्हणून राह्यलंय?" तुम्ही म्हणालात, "आम्ही दोघी आलोय." काकू खाली बघत उभ्या राहिल्या. तुम्ही वाट पाहिलीत, मग म्हणालात, "बरं, येते." आणि वळलात. त्यानंतर आपण कायम ओढ्यातल्या खडकावर बसून जेवलो, करंजाच्या सावलीत. तुमच्या डब्यातली भाजी, मी जालन्यात जिच्याकडं राहायचे त्या आत्याच्या हातची ज्वारीची भाकरी.

त्याच खडकावर एकदा पानांचे आकडे जुळवताना तुम्ही एकदम पेन्सिल खाली ठेवलीत. ओढ्याकाठी झाडांच्या जाती पुष्कळ निघाल्या होत्या, पण त्यांची जगायची रीत जवळपास एकच, पाण्याजवळ राहायचं आणि पानं धरून ठेवायची. उतारावर जाती कमी, पण प्रत्येकीचं तंत्र वेगळं. सालई खोडात पाणी साठवते आणि पानं टाकते. खैर पान बारीक करतो आणि काटे काढतो. निवडुंगानं पानांचा नादच सोडलेला. गवत तर स्वतः वाळून जातं आणि मुळाशी दबा धरून बसतं. "नावं थोडी, रीती किती!" तुम्ही म्हणालात. मग जरा वेळानं, "मी पहिल्या दिवशी काय बोलले होते गं तुमच्या मुलखाबद्दल?" मी तोंडात भाकरी घेऊन बसले होते. तशीच चावत राहिले.

औरंगाबादला एका परिषदेत हे काम वाचायचं ठरलं तेव्हा तुम्ही मला पुढं केलंत आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसलात. ऐकणाऱ्यांपैकी एक गृहस्थ म्हणाले की जाती ओळखणं सोडून पानांची वजनं कसली करता. मी मागं बघितलं तर तुम्ही हाताची घडी घालून बसलेल्या. उठला नाहीत, मदतीला आला नाहीत. मग मीच त्यांना सालईचं सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण ते बसले. बाहेर आल्यावर मी चिडून म्हणाले, "तुम्ही बोलायचं ना!" तुम्ही म्हणालात, "तुझ्या वतीनं एकदा बोलले होते मी. तुला आवडलं नव्हतं."

बाई, एवढंच काय ते आपण त्या गोष्टीबद्दल बोललो. नंतर तुमच्या आईच्या आजारपणात तुम्ही कोकणात गेलात त्या परतच आला नाहीत. तुम्हाला काविळीनं नेलं, हे मला पुण्यात एम.एस्सी. करताना कळलं, तेही सगळं उरकून गेल्यावर. पुढं मी तुमच्याकडची रानं पाहिली, ती टोकाला शेपटी असलेली पानं हातात घेतली, आयुष्यभर तेच शिकवलं. आज त्याला मोठं नाव आहे, मोठी यंत्रं आहेत. ओल्या रानात काय, कोरड्या रानात काय, झाडं कुठं कशी जगतात हे जगभर मोजतात. कुणी ते सांगायला लागलं की मला वाटतं मध्येच उठावं आणि म्हणावं, आम्ही हे कापडी पिशव्यांत केलं होतं. उठत नाही.

काल उतारावर सालई कमी दिसल्या. ओढा कोरडा होता. गावात गेले नाही. ते घर असेल की नसेल, विचारलंही नाही. परतीच्या गाडीत मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. भाची. किती वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या शब्दाचा मला संतापच आला. वडिलांना सांगितलं तेव्हा तेही म्हणाले, बराबर केलंस. बरोबरच केलं होतं, आजही तेच करीन. तुमच्याशी त्यावरून पुन्हा भांडीनसुद्धा.

पण हे पाठवायचं नाही, तुमच्याशिवाय कुणी वाचणारही नाही, म्हणून लिहिते. राग नंतर आला, बाई. त्याच्या आधी, तुम्ही तो शब्द उच्चारल्या उच्चारल्या, मला फार बरं वाटलं होतं.