टिंबरूची खाट

प्रिय ग्लेनिस,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. आईला जाऊन चार वर्षं झाली आणि तेवढीच वर्षं तुझा अबोला. मास्तरकीच्या सवयीनं जरा लांबून येतो, सांभाळून घे.

आपल्या कुराबीनचं इस्पितळ उभं राहिलं ते लोकरीवर. आधी नुसती पत्र्याची खोली आणि एक नर्स. मग दुष्काळानंतरच्या पहिल्या बऱ्या साली भोवतालच्या दहा मेंढवाड्यांनी, म्हणजे मेंढ्यांच्या मोठाल्या मळ्यांनी, लोकरीचा एकेक गठ्ठा दिला आणि त्यांच्या नावांच्या पितळी पट्ट्या खाटांवर बसल्या. तेव्हापासून इथला आजारी माणूस 'इस्पितळात' नसतोच. खाटेवर ज्या मेंढवाड्याचं नाव, त्यावरून तो 'वॅरिंगात' असतो, नाहीतर 'टिंबरूत'. मी नवखा मास्तर, पाय मोडून वॅरिंगात पडलो होतो, कविता पुटपुटत. मेट्रन हॅनिगन म्हणाल्या, "मास्तर, काव्य चालू द्या, फक्त पाय इकडे करा." चहा घेऊन आलेली मुलगी खुदकन हसली. ती उना, तुझी आई. पुढे व्हरांड्याला भिंती आल्या, बाळंतपणाचा विभाग आला, तू तिथलीच. तोही बंद झाला. आता कुराबीनची बाळं दोनशे किलोमीटरवर जन्मतात. संध्याकाळी काकाकुवांचे थवे परततात, तेव्हा त्या रिकाम्या खिडक्यांकडे बघत बसतो.

आई गेली त्या वर्षी ऑगस्टात तुझा पर्थहून फोन आला. मी म्हणालो, आई टिंबरूत आहे. तू म्हणालीस, "बरं झालं. डॅफ्नीमावशीकडे चार दिवस हुंदडू दे तिला." टिंबरूच्या मेंढवाड्यावर डॅफ्नी राहते, तुला तेच वाटलं. तीस वर्षं बाहेर राहून तू गावची बोली विसरलीस, हे मला त्याच क्षणी कळलं. मी दुरुस्ती केली नाही. पोरीला घाबरवू नकोस, असं उनानं बजावलं होतं खरं. पण तू धावत आली असतीस, तर ती जाणार हे मला मान्य करावं लागलं असतं. तू पोचलीस ती थेट दफनाला. "डॅड, नीट सांगितलं का नाहीस?" आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "सांगितलं होतं. तूच नीट ऐकलं नाहीस." चूक तुझी नव्हती, बाळ. ती मी होऊ दिली, वर तुझ्या माथी मारली.

हे पत्र इस्पितळातून लिहितोय. कुठल्या मेंढवाड्यावर मुक्कामाला नाही, कुणाकडे पाहुणाही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, फार तर महिना. या खेपेला ऐकण्यात गफलत नको, म्हणून साध्या शब्दांत लिहितो: ग्लेनिस, मी मरतो आहे आणि मला एकट्याला भीती वाटते. ये.

तुझाच,
डॅड