गाडी ओढत नाही

२ जानेवारी
गाडी आली. डर्ट बाइक, सेकंडहँड, पण अस्सल टू-स्ट्रोक. आवाज असा की समोरच्या बिल्डिंगमधलं तान्हं बाळ दचकून उठलं. विकणारा म्हणाला, डॉक्टरांची गाडी आहे, फक्त रविवारी चालवलेली. डॉक्टर म्हणजे स्वच्छ माणूस. इंजिन उघडून बघायची गरज वाटली नाही. किक तर इतकी हलकी की चपलेनेही बसते. माझ्या पायात अजून चांगलाच जोर आहे म्हणायचा.
संकल्प: मार्चपासून डर्ट बाइक ट्रेनिंग स्कूल सुरू. ऑफिसने मला मोकळं केलं ते बरंच झालं, नाहीतर हे सुचलं नसतं. बायकोने विचारलं, शिकायला येणार कोण? तिला बिझनेसची जाण नाही.

५ जानेवारी
जुन्या खाणीचा चढ. स्कूलचं ट्रेनिंग तिथेच घेणार. अर्ध्यापर्यंत गेलो, पुढे नुसता आवाज. गाडी ओढतच नाही. शेजारून एक शेळी वर निघून गेली. शेळीला ओझं नसतं, हा फरक लक्षात घ्यायला हवा.

९ जानेवारी
निदान झालं. एअर फिल्टर! फोम काळाकुट्ट. इंजिनाला श्वासच घेता येत नव्हता. वॉशिंग मशीनमध्ये टाकला, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर. फिल्टर सुंदर निघाला. आत बायकोचे लॅबमधले पांढरे कोट होते, ते राखाडी झाले. ती रक्त तपासते, तिथे राखाडी चालत नाही म्हणे. एवढे कसले नियम?
गाडीत बराच फरक वाटतोय.
संध्याकाळी: फरक नाही.

१५ जानेवारी
मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. धान्याची गोदामं आहेत. कॉलेजात म्हणे टू-स्ट्रोक फिरवायचा. चहाचा कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने किक दाबली आणि म्हणाला, दाजी, एवढी हलकी किक असते का कधी? आत प्रेशरच धरत नाहीये. पिस्टनची रिंग झिजलीय, इंजिन उघडा.
हाताने किक मारून निदान! मी हसून सोडून दिलं.
जाता जाता म्हणाला, दुसऱ्या गावी नवीन गोदाम काढतोय, मॅनेजर पाहिजे, राहायला खोली आहे, या. मी म्हटलं, सध्या हातात मोठं काम आहे. बायको आत कप विसळत होती. एकच कप बराच वेळ विसळत होती.

२२ जानेवारी
कार्बोरेटर. डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून पूर्ण खोलला. बारीक भोकं साफ करायला एक जुना टूथब्रश वापरला. तो जुना नव्हता, हे नंतर समजलं. जोडताना एक स्प्रिंग उरली. कंपन्या पूर्वी जास्तीचे पार्ट घालत असाव्यात.
गाडी चालू होते. ओढत नाही.

२९ जानेवारी
सायलेन्सर! आतला कार्बन जाळला की वाट मोकळी होते, असं एका व्हिडिओत होतं. गॅसच्या शेगडीवर धरला. धूर बराच झाला. खालच्या मजल्यावर लोकांना वाटलं डासांची फवारणी आली, त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सोसायटीचा सेक्रेटरी वर येऊन बोलायला लागला, पण खोकल्यामुळे त्याला मुद्दा मांडता आला नाही.
बायकोची डबल ड्यूटी होती. बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेलो, तर जिन्यात पायरीवर बसलेली. मांडीवर डब्याची पिशवी. विचारलं, इथे काय करतेस? म्हणाली, जरा वास नसलेल्या जागी बसते. मी म्हटलं, जाईल गं वास. तिने विचारलं, कधी?
मी म्हटलं, चल, गरम पाणी लावतो. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे.

६ फेब्रुवारी
मूळ सापडलं! टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं असतं. पण ऑइल काही पेट्रोलसारखं जळत नाही. मग ताकद येणार कुठून? साधं लॉजिक. ऑइल अगदी नावापुरतं ठेवलं. आणि गाडी पळाली! खरंच पळाली. मला गेटजवळ ब्रेक सापडेना इतकी.
रविवारी खाणीवर फ्री डेमो. ग्रुपवर मेसेज टाकला. पुष्कळ अंगठे आले.
बायको म्हणाली, भाऊ पुन्हा विचारतोय, त्याला माणूस लगेच हवाय. मी म्हटलं, रविवारनंतर तोच माझ्याकडे नोकरी मागायला येईल. ती हसली नाही. म्हणाली, मग त्याला मी काय सांगू? मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते सांग.

१२ फेब्रुवारी, रविवार
डेमो. उपस्थिती: बायको, मेहुणा, आणि प्लॉट बघायला आलेलं एक जोडपं. अंगठेवाल्यांना कामं निघाली असावीत.
गाडी चढली. अर्धा चढ मागे पडला, माथा समोर दिसायला लागला. मग इंजिन किंचाळलं, मागचं चाक जागच्या जागी जाम. मी खाली आलो. गाडी माझ्यामागून आली.
सगळ्यांत आधी बायको पोचली. कोपर धुतलं, ओढणी बांधली. हात हलवून दाखवा म्हणाली, मी दाखवला. मग ती तिथेच मातीत बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं. धूळ फार होती.

१५ फेब्रुवारी
इंजिन उघडलं. मेहुणा शेजारी बसला होता. पिस्टनवर खोल ओरखडे, रिंगचे तुकडे, सिलिंडर खरवडून गेलेला. मेहुणा म्हणाला, रिंग आधीच गेलेली होती, तेवढी बदलली असती तर भागलं असतं. ऑइल तोडलंत, कोरडं घासलं, तिथे सगळंच संपलं. आता हे भंगार, दाजी.
म्हणजे निदान नक्की झालं. एवढ्या दिवसांच्या शोधाचं चीज झालं म्हणायचं. रात्री जेवण गेलं नाही.

२० फेब्रुवारी
नोकरी घ्यायची ठरवलं. माणसाने लवचीक असावं. शर्टला इस्त्री केली, मेहुण्याच्या ऑफिसात गेलो आणि सांगितलं, चल, तुझं गोदाम सांभाळतो. त्याने खुर्ची पुढे केली. मग म्हणाला, दाजी, ताई काही बोलली नाही का? मॅनेजर म्हणून ताईच येतेय. डेमोच्या दुसऱ्याच दिवशी हो म्हणाली.
घरी आल्यावर विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, योग्य वाटेल ते सांग म्हणाला होतात.
खरंच म्हणालो होतो.

२७ फेब्रुवारी
बायको गेली. बॅग मीच बसपर्यंत नेली. विचारलं, मी कधी येऊ? म्हणाली, आधी मला तिथे रुळू दे. खोली लहान आहे. तेही बरोबर.
ती तिथे एकटी. आठवडाभरात बोलावून घेईल.
संध्याकाळी फोन केला. उचलला नाही. जेवून पुन्हा केला. उचलला नाही. रेंज नसेल.
मेहुण्याला फोन करून विचारलं, तिकडे रेंज कशी असते रे? म्हणाला, चांगली असते, दाजी.